पत शिकवायची कोणी?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या म्हणीवर शाळेत असताना मी निदान तीन वेळा कल्पनाविस्तार लिहिला असेल. गुणही बरे पडले. परंतु अंथरुणाची लांबी मोजायची कशी, हे त्या तिन्ही वेळा मला कोणी विचारले नाही आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही. आपल्याकडे पैशाविषयी उपदेश भरपूर आहे. ‘ऋण काढून सण करू नये’ हा उपदेश आजीपासून कीर्तनकारापर्यंत सगळे करतात. हिशेब मात्र कोणी शिकवत नाही. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की व्याज, कर्ज, क्रेडिट कार्ड आणि अलीकडे ज्याला ‘सिबिल’ म्हणतात तो पतगुणांक, या गोष्टी अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी, शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात, आपल्या भाषेत आणि आपल्या उदाहरणांनी शिकवल्या गेल्या पाहिजेत.

हे मत पुस्तकातून आलेले नाही, म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो. २०२१ साली मी अकरावीत होतो. तासिका मोबाइलवर चालत आणि घरात साधा फोन होता. वडिलांनी एका दुकानातून हप्त्यावर फोन घेतला. वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. त्यामुळे दुकानदाराने पुढे केलेल्या पडद्यावर त्यांच्या वतीने बोटे मीच फिरवली. ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकटीवर खूण मी केली. अटी इंग्रजीत होत्या, पण इंग्रजी हे कारण मी पुढे करणार नाही. त्या मराठीत असत्या तरी मी वाचल्या नसत्या, कारण त्यात वाचण्यासारखे काही असते हेच मला ठाऊक नव्हते.

त्या हंगामात टोमॅटोने दगा दिला आणि तीन-चार हप्ते चुकले. कांद्याचे पैसे आल्यावर वडिलांनी दंडासकट सगळी रक्कम एकदम भरून टाकली आणि आमच्या लेखी तो विषय संपला. पुढे २०२३ मध्ये ताईला नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी वडील सहकर्जदार म्हणून बँकेत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा वळवून दाखवला आणि सांगितले, “काका, तुमचा स्कोअर बसत नाही.” गावातल्या किराणा दुकानदाराच्या वहीत ज्यांच्या नावापुढे कधी वर्षअखेरीस बाकी राहिली नाही, ते माझे वडील एवढेच म्हणाले, “साहेब, मी कुणाचं बुडवलंय?” त्या प्रश्नाला त्या अधिकाऱ्याकडे उत्तर नव्हते. ते माझ्याकडे होते, पण मी खाली मान घालून उभा होतो. आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि ताई शिकायला गेली. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत.

या घटनेचा मी पुष्कळ विचार केला. वडिलांची चूक झाली असे मला आजही वाटत नाही. त्यांनी पत सांभाळली, पण ती जुन्या रीतीने. आपल्याकडे ‘पीक निघालं की देतो’ हा शब्द म्हणजे करार असतो. जुन्नर-आंबेगावात पैसा महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा नि मंचरचा कांदा, कारखान्याचे उसाचे बिल, पश्चिमेकडच्या डोंगरात हिरड्याचा हंगाम, अशा टप्प्यांनी तो येतो. २०२३ च्या जुलैत याच नारायणगावात टोमॅटोच्या भावाने सगळ्यांचे डोळे दिपवले, आणि पुढच्या काही आठवड्यांत तोच भाव मातीमोल झाला. वाणी हे जाणतो, म्हणून तो थांबतो. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. उशिरा पण पूर्ण देणारा माणूस गावाच्या वहीत सचोटीचा ठरतो, आणि मुंबईच्या वहीत थकबाकीदार. या दोन वह्यांचे नियम वेगळे आहेत, एवढे जरी त्या दिवशी मला ठाऊक असते, तरी आईच्या हातात पाटल्या राहिल्या असत्या.

ही दुसरी वही कशी चालते? भारतात पतमाहिती गोळा करणारी पहिली कंपनी, सिबिल, २००० साली स्थापन झाली. २००५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. बँका, पतपुरवठा कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था प्रत्येक कर्जदाराची माहिती यांच्याकडे पाठवतात. कर्ज किती घेतले, हप्ता कोणत्या तारखेला आला, किती दिवस उशीर झाला, हे सगळे त्यात असते. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. वेळेवर परतफेड हा त्याचा सर्वांत मोठा आधार. शिवाय मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरली, कर्जाचा इतिहास किती जुना आहे, थोड्या दिवसांत किती ठिकाणी कर्ज मागितले, हेही पाहिले जाते. थकलेले कर्ज ‘तडजोड’ करून कमी रकमेत मिटवले तर तीही नोंद राहते. मित्राला जामीन राहिलात तर त्याच्या कर्जाची सावली तुमच्या अहवालावर पडते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही कर’ म्हणणाऱ्या मित्राला हे माहीत नसते आणि सही करणाऱ्यालाही नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला अहवाल वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. त्यात चूक असेल तर तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून लागू आहे. हे हक्क किती जणांना ठाऊक आहेत? मी आमच्या वर्गात विचारले. ‘सिबिल’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता, पण स्वतःच्या घरातला अहवाल कोणी पाहिलेला नव्हता.

आता व्याजाकडे वळू. आपल्या भागात व्याज ‘शेकडा’ सांगण्याची रीत आहे. शेकडा दोन म्हणजे शंभराला दरमहा दोन रुपये. बचत गटातली आई हा हिशेब तोंडी करते. मग बँकेची कागदपत्रे ‘वार्षिक बारा टक्के’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, बारा हे दोनपेक्षा महाग! शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस, हे सांगितल्यावर माणूस क्षणभर गप्प होतो. ते गप्प होणे म्हणजेच शिक्षणाची सुरुवात आहे, असे मला वाटते.

क्रेडिट कार्ड भारतात १९८० च्या सुमारास आले आणि बरीच वर्षे ते साहेबलोकांच्या पाकिटात राहिले. आज ते पुण्यात नोकरीला लागलेल्या आपल्याच मित्राच्या खिशात असते. त्याचा स्वभाव समजून घ्यावा. पूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज शून्य. एटीएममधून रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून. बिल पूर्ण न भरता ‘किमान रक्कम’ भरली तर दंड टळतो, व्याज टळत नाही. ते बहुधा महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असते. समजा वीस हजारांचे बिल राहिले, दर साडेतीन टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज सातशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे सव्वीस, एकूण आठशे सव्वीस. तुम्ही हजार रुपये भरलेत. मुद्दल फिटले किती? एकशे चौऱ्याहत्तर रुपये! नवी खरेदी एका रुपयाचीही केली नाही आणि दरमहा हजार भरत राहिलात, तर फिटायला चव्वेचाळीस महिने लागतात आणि सुमारे त्रेचाळीस हजार रुपये जातात. हा हिशेब मी आठवीतल्या चक्रवाढ व्याजाच्या रीतीने केला. वहीचे एक पान पुरले.

तसाच हिशेब हप्त्याच्या फोनचा. ‘बारा हजारांचे कर्ज, महिन्याला फक्त एक टक्का, बारा हप्ते.’ व्याज झाले चौदाशे चाळीस. ऐकायला बारा टक्के. परंतु दरमहा हजार रुपये मुद्दल आपण परत करत असतो, म्हणजे वर्षभर आपल्याकडे बारा हजार नसतातच. सरासरीने साडेसहा हजार असतात. साडेसहा हजारांवर चौदाशे चाळीस म्हणजे सुमारे बावीस टक्के. ‘झिरो टक्के’ म्हणतात त्याचेही असेच. त्यातले व्याज प्रक्रिया शुल्काच्या किंवा हुकलेल्या सवलतीच्या पोटात दडलेले असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना सुनावले होते.

काही जण म्हणतील, हे सगळे शहरी खूळ आहे, आपल्या मातीशी याचा काय संबंध? उलट कर्जाचा कागद न वाचता येण्याची किंमत आपल्या मातीइतकी फार थोड्यांनी मोजली असेल. १८७३ साली आंबेगावच्या डोंगरातल्या जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले हा महादेव कोळी तरुण सावकारांविरुद्ध उठला. डोंगरातल्या माणसांना वर्षानुवर्षे लुबाडणाऱ्या सावकारांवर त्याच्या टोळीने धाडी घातल्या. १८७६ मध्ये तो पकडला गेला. मधल्या काळात, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली, आणि दंग्याची लाट शिरूर, इंदापूर, नगरकडे पसरली. या दंग्यात लोकांनी धान्यापेक्षा खते मागितली. खते म्हणजे कर्जरोखे. ती हाती आली की लोक ती जाळत. ज्या कागदावर अंगठा उठवला पण जो वाचता आला नाही, तो कागद हाच त्यांना शत्रू वाटला. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अविद्येत दाखवले, ते हेच सारे डोळ्यांपुढे ठेवून.

माझी गोष्ट त्या गोष्टीहून फार वेगळी आहे का? तेव्हा अंगठा होता, आता चौकटीवरची खूण आहे. तेव्हाच्या कुणब्याला अक्षर येत नव्हते. मला अक्षर येत होते आणि तरीही मी खूण केली. त्या अर्थी मी अधिक अडाणी.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याचा मी आदर करतो. आमचे एक सर म्हणाले, “मुलांना शहाणे करा म्हणता, म्हणजे फसवणूक झाली की दोष मुलांचाच. फसवणाऱ्याला आवरा की!” खरे आहे. १८७५ नंतर उपदेशाने भागले नाही, कायदा करावा लागला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. आपल्याकडची ‘दामदुप्पट’ची जुनी रीतही हेच सांगत आली, की थकलेले व्याज मुद्दलाच्या पलीकडे मागू नये. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण कर्जावर बारा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. इतरांसाठी हे दर पंधरा आणि अठरा आहेत. बँकेच्या कार्डाला हा कायदा लागू नाही. गावच्या सावकाराला अठराची मर्यादा आणि कार्डाला बेचाळीस, ही विसंगती लोकप्रतिनिधींना विचारण्याजोगी आहे. पण विचारणार कोण? ज्याला दोन्ही आकडे ठाऊक आहेत तोच. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला होता. ज्याला तो उतारा वाचता येत नव्हता त्याला त्या हक्काचा उपयोग किती झाला असेल, याची कल्पना करावी. आजही २०२२ पासून मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांना खरा वार्षिक दर एका तक्त्यात आधी दाखवावा लागतो, आणि फोनमधली नावे, छायाचित्रे उघडून पाहण्यास त्यांना मनाई आहे. कायदा आणि शिक्षण ही गाड्याची दोन चाके आहेत. एकच चाक असेल तर गाडा जागीच फिरतो.

दुसरा आक्षेप असा की मुलांना कार्डाची माहिती देणे म्हणजे त्यांना कर्जाची चटक लावणे. मला हे पटत नाही. चटक लावायला जाहिराती समर्थ आहेत. आपल्या हातात फक्त उतारा आहे. शिवाय कर्ज हे आपल्या घरांना अपरिचित नाही. १९९८ पासून आलेले किसान क्रेडिट कार्ड कित्येक घरांत आहे. सोसायटीचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्क्याने पडते, आणि मुदत हुकली तर ती सवलत जाते. म्हणूनच मार्चअखेर गावोगाव ‘नवं-जुनं’ करण्याची धांदल उडते. कोणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी रक्कम उचलायची, जुने भरायचे, नवे काढायचे आणि उचल देणाऱ्याला त्याचा वाटा द्यायचा. हे पाहतच आपण मोठे झालो. या ‘नवं-जुनं’मध्ये खरे व्याज किती पडते, हे कुणी आपल्याला मांडून दाखवले का?

कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाचा करार मुळात करारच नव्हे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच ठरवले. म्हणजे सतरा वर्षे तीनशे चौसष्ट दिवस आपण कर्जाच्या बाबतीत अजाण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण सज्ञान! हे सज्ञानपण एका रात्रीत येणार कुठून? २०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहेत. मला ते आवडले होते. पण आपल्या वर्गातल्या किती मुलांचा पहिला आर्थिक व्यवहार शेअर खरेदीचा असतो आणि किती जणांचा हप्त्यावरच्या फोनचा? ज्या दाराने आपण आत शिरणार, त्या दाराची किल्ली आधी द्यायला हवी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत पडद्यावर बोट फिरवतो तो मुलगाच असतो, किंवा मुलगी. आईचा बचत गटाचा अर्ज, आजोबांची केवायसी, वडिलांचा हप्ता, सगळे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातून जाते. त्यांना शिकवणे म्हणजे सबंध घराला शिकवणे आहे. शहरातल्या पगारदारासाठी लिहिलेले धडे जसेच्या तसे इथे चालणार नाहीत. ‘पगारातून आधी बचत वेगळी काढा’ हे वाक्य हंगामावर जगणाऱ्या घराला काय सांगते? त्याला सांगायला हवे, की पीक हाती येताच पुढच्या चार हप्त्यांचे पैसे खात्यात अलग ठेव. हप्ता चुकणार असे दिसले तर तारीख उलटण्याआधी कर्ज देणाऱ्याकडे जा. फेड पूर्ण झाली की ना-देय दाखला घे.

म्हणून गुरुजनांपुढे माझी एक साधी मागणी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी रस्ता करतो, बंधारा घालतो. येत्या शिबिरात चार संध्याकाळी गावातल्या नववी ते बारावीच्या मुलामुलींसाठी राखाव्यात. पहिल्या दिवशी शेकड्याचे वार्षिक टक्के करणे. दुसऱ्या दिवशी हप्त्याच्या कागदातले खरे व्याज शोधणे. तिसऱ्या दिवशी पतमाहितीचा अहवाल वाचणे, जामीन आणि तडजोड यांचा अर्थ समजणे. चौथ्या दिवशी तक्रार कुठे करायची ते सांगणे, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक. अर्थशास्त्राचे आणि गणिताचे प्राध्यापक आम्हाला आधी तयार करतील, मराठीचे प्राध्यापक भाषा सोपी करून देतील, आणि शिकवण्याचे काम आम्ही विद्यार्थी करू. खर्च खडूचा.

मित्रहो, ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मला जे थोडे पैसे मिळतात त्यातून मी आईच्या पाटल्या सोडवीन, त्याला वेळ लागेल. पण गेल्या दिवाळीत मी वडिलांच्या शेजारी बसून त्यांचा अहवाल उघडला आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. फेडलेले ते कर्ज अजून चालू दाखवले होते, त्याची तक्रार आम्ही दोघांनी मिळून लिहिली. ती दुरुस्त झाली. उशिराची नोंद मात्र राहिली, कारण ती खरी होती. वडील बराच वेळ तो कागद पाहत होते. मग म्हणाले, “हे तेव्हाच वाचलं असतंस तर.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. यंदा अकरावीत बसलेल्या एखाद्या पोराला त्याच्या बापाकडून हे वाक्य ऐकावे लागू नये, एवढ्यासाठी हा लेख.